गुद्द्यावरून मुद्द्यावर: एका कार्डाच्या नोंदी

३ जून २०२५

मतभेद दाखवणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची सूची ६४ शब्दांवर थांबवली. नेहमीचे शब्द संपले, आता मागे ठेवलेला दुर्मिळ शब्दांचा गठ्ठा उघडला. सगळ्यात वरचं कार्ड माझ्याच अक्षरातलं, तीन वर्षांपूर्वीचं: ‘ऑपग्न: खंडन करणे’. बाकी काही नाही.

त्याच गठ्ठ्यात ‘रिफ्यूट’, ‘कन्फ्यूट’, ‘रिबट’ आणि ‘कॉन्ट्रोव्हर्ट’ निघाले. चारही कार्डांवर तेच, ‘खंडन करणे’. पाच कुलपांना एकच किल्ली लावून मी पुढे निघून गेले होते. अनुवाद करणाऱ्याला अशा सूचीचा काडीचा उपयोग नाही. त्याला नेमकं हेच कळायला हवं असतं की लेखकाने पाचांतला हाच शब्द का उचलला.

उच्चारही चुकलेला. ‘ऑपग्न’ (oppugn) यातलं ‘जी’ हे अक्षर मुकं आहे. शब्द ‘अप्यून’ असा म्हणायचा, जोर ‘प्यू’वर. ‘इम्प्यून’चं (impugn) तेच, ‘साइन’चं (sign) तेच. पण याच शब्दाचं नाम झालं की मुका ‘ग’ बोलू लागतो: अपग्नन्सी. जुनं कार्ड फाडलं नाही, समोर ठेवलंय. नवं कोरं घेतलं.

५ जून

मूळ लॅटिन, ‘ओप्पुग्नारे’. इंग्रजीत हा शब्द १५ व्या शतकात आला. फोड अशी: ‘ओब’ म्हणजे विरुद्ध, ‘पुग्नारे’ म्हणजे लढणे. ‘पुग्नारे’ आलं ‘पुग्ना’वरून, म्हणजे लढाई, आणि त्याच्या सख्ख्या नात्यातला शब्द ‘पुग्नुस’. पुग्नुस म्हणजे मूठ.

मूठ! सिद्धान्त, मतं, पंथ यांच्याबद्दल वापरायच्या या पुस्तकी शब्दाच्या पोटात आवळलेली मूठ बसली आहे. सकाळचा चहा निवून गेला, मी या मुठीचे नातेवाईक शोधत होते.

मुष्टियोद्ध्याला इंग्रजीत ‘प्यूजिलिस्ट’ म्हणतात, तो या घरचा. भांडकुदळ माणूस ‘पग्नेशस’, तोही. किळस आणणारं ते ‘रिपग्नन्ट’, कारण मन त्याच्याशी उलटून लढतं. फ्रेंचमध्ये मूठ ‘प्वँ’ झाली आणि मुठीत धरायच्या खंजिराला ‘प्वान्यार’ म्हणू लागले. ग्रीकमध्ये हीच मूठ ‘पिग्मे’. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंतचं मापही ‘पिग्मे’च, आणि त्या मापाएवढी कल्पिलेली माणसं म्हणजे पिग्मी.

इटालियनमध्ये तर एकाच रूपाची दोन क्रियापदं शेजारी शेजारी नांदतात. ‘इम्पुन्यारे’ म्हणजे तलवार मुठीत घट्ट धरणे, आणि ‘इम्पुन्यारे’ म्हणजेच कोर्टाच्या निकालाला आव्हान देणे. पहिलं थेट मुठीवरून घडलं, दुसरं लढाईवरून आलं. बोलणाऱ्याला मात्र ते एकसारखंच ऐकू येतं.

आणखी मागे गेलं तर या मुठीचं मूळ ‘टोचणे’ या अर्थाच्या धातूत आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिन ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे, त्याच धातूचं. त्याच्यावरून ‘पॉइंट’. आपण मराठीत दिवसातून दहा वेळा ‘पॉइंट आहे’ म्हणतो तो पॉइंट आणि ही मूठ एकाच कुळातली.

६ जून

काल रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, म्हणून सकाळी आधी हे लिहून ठेवते.

आपण म्हणतो, मुद्दे संपले की माणसं गुद्द्यावर येतात. ‘ओप्पुग्नारे’ उलट्या वाटेने चाललं. सुरुवात गुद्द्याने आणि शेवट मुद्द्यावर. आपला ‘मुद्दा’ अरबीतून फारशीमार्गे आलेला, ‘दावा’ या शब्दाचा भाऊ. म्हणजे मुद्दा हा मुळात केलेला दावा, आणि अप्यून करणारा त्या दाव्यावर मूठ उगारतो. सूचीच्या प्रस्तावनेत हे घालायचं.

१० जून

मूठ सापडली तरी शब्दाचं वजन कळत नव्हतं. रोमन माणूस हा शब्द कशासाठी वापरायचा ते पाहायला सीझरच्या गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या, मोहिमांची हकीकत काढली. व्याकरण शेजारी उघडं ठेवून एकेक वाक्य लावत गेले. दोन पानांना दोन दिवस लागले, पण ते सार्थकी लागले.

इथे ‘ओप्पुग्नारे’ हा शुद्ध लष्करी शब्द आहे. तटबंदीच्या गावावर, ठाण्यावर, छावणीवर हल्ला करणे.

दुसऱ्या भागात, इसवी सनपूर्व ५७ मध्ये, बेल्जी टोळ्या बिब्राक्स नावाच्या गावावर चालून जातात. गाव सीझरच्या बाजूच्या रेमी लोकांचं, त्याच्या छावणीपासून आठ मैलांवर. हल्ला कसा करतात तेही सीझर सांगतो. सगळ्या तटाभोवती माणसांचा गराडा घालायचा. चहूबाजूंनी तटावर दगडांचा मारा सुरू करायचा. वरचे राखणदार हटून तट उघडा पडला की ढाली डोक्यावर जोडून दरवाज्यापाशी भिडायचं आणि तटाचा पाया पोखरायचा. या पद्धतीला सीझर ‘ओप्पुग्नातिओ’ म्हणतो.

तो दिवस गाव कसंबसं तग धरतं. रात्री गावाचा प्रमुख इक्किउस निरोप पाठवतो, मदत आली नाही तर आता निभाव लागत नाही. सीझर मध्यरात्री नुमिडियाचे आणि क्रीटचे तिरंदाज आणि बॅलिआरिक बेटांवरचे गोफणवाले धाडतो. ते पोचल्यावर बेल्जींची गाव घेण्याची आशा सुटते. आसपासची शिवारं उजाड करून आणि खेडी जाळून ते पुढे निघून जातात.

गाव पडलं नाही. तरी वाक्यात क्रियापद ‘ओप्पुग्नारे’च आहे.

इथे मी पेन खाली ठेवलं आणि जुनं कार्ड पुन्हा वाचलं. ‘खंडन करणे.’

११ जून

गाव पडलं तर लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘एक्सपुग्नारे’. लढून काबीज करणे. ‘ओब’ जाऊन ‘एक्स’ आलं की हल्ल्याचा विजय होतो.

इसवी सनपूर्व ५२ हे एकच वर्ष घेतलं तरी फरक दिसतो. आवारिकुम, म्हणजे आजचं बूर्झ, सीझरने घेतलं. गेर्गोव्हियावर त्याच वर्षी केलेल्या हल्ल्यात एका दिवसात ४६ सेंच्युरियन, म्हणजे तुकडीनायक, आणि सातशेच्या जरा आत शिपाई गमावून त्याला मागे फिरावं लागलं. दोन्हीकडे तटावर चालून जाणं घडलं, पण गाव हाती आलं ते फक्त एकीकडे.

इंग्रजीने विजयाचं क्रियापद टिकवलं नाही. त्याच्यावरून झालेलं ‘इनएक्सपग्नेबल’, म्हणजे अजिंक्य, क्वचित भेटतं. टिकलं ते हल्ल्याचं क्रियापद, तेही जेमतेम. म्हणून कार्डावरचं पहिलं वाक्य हेच हवं: अप्यून म्हणजे एखाद्या मतावर चालून जाणे. ते मत पडलं की नाही, हे हा शब्द सांगत नाही.

१४ जून

भाची दोन दिवस राहायला आली आहे. कॉलेजच्या वादस्पर्धांत बोलते, त्यामुळे या सूचीची खरी गिऱ्हाईक तीच. तिला जुन्या कार्डांचा गठ्ठा देऊन एक इंग्रजी वाक्य मराठीत करायला सांगितलं. वाक्य मीच बेतलं होतं, पण माणूस खरा, इंग्रज रसायनज्ञ जोसेफ प्रिस्टली.

प्रिस्टलीने १७७४ मध्ये भिंगाने पाऱ्याची लाल राख तापवली आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती कशी झगझगीत जळते ते पाहिलं. त्या वायूला आज आपण ऑक्सिजन म्हणतो. प्रिस्टली मात्र त्याला फ्लॉजिस्टन निघून गेलेली हवा म्हणत राहिला. पदार्थ जळतो तेव्हा त्यातलं फ्लॉजिस्टन नावाचं तत्त्व बाहेर पडतं, असा तेव्हाचा समज होता. फ्रेंच रसायनज्ञ लॅव्हाझिएने ऑक्सिजनची नवी उपपत्ती मांडली, एकेक रसायनज्ञ तिकडे गेला, तरी प्रिस्टली त्या उपपत्तीवर हल्ले चढवत राहिला. १७९४ मध्ये इंग्लंड सोडून तो पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलंड गावी गेला, तिथेही थांबला नाही. १८०४ मध्ये वारला तोही आपल्या मतावर ठाम राहून.

वाक्य असं होतं: प्रिस्टलीने अखेरपर्यंत त्या उपपत्तीला ‘अप्यून’ केलं, पण ‘रिफ्यूट’ करू शकला नाही.

भाचीने लिहिलं, ‘प्रिस्टलीने अखेरपर्यंत त्या उपपत्तीचं खंडन केलं, पण खंडन करू शकला नाही.’ लिहून झाल्यावर स्वतःच थबकली.

“आत्या, हे काहीतरीच झालं. केलं पण आणि करू शकला नाही पण?”

“कार्डावर काय आहे?”

“दोन्हीला खंडनच आहे.”

चूक तिची नाही, माझ्या कार्डांची.

१५ जून

प्रिस्टलीचं १८०० सालचं पुस्तक विसरूनच गेले होते. त्याच्या नावातच सगळं आहे. पहिल्या अर्ध्यात फ्लॉजिस्टनचा सिद्धान्त ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे प्रस्थापित, आणि दुसऱ्या अर्ध्यात पाण्याच्या घटनेचा सिद्धान्त ‘रिफ्यूटेड’. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे लॅव्हाझिएच्या बाजूचं म्हणणं त्याला पाडायचं होतं. आपल्या परंपरेतली खंडन-मंडनाची जोडीच पुस्तकाच्या पाठीवर छापलेली.

लिहिणाऱ्याला वाटतं आपण रिफ्यूट केलं. दोनशे वर्षांनी वाचणारा म्हणतो, अप्यून केलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. एकटा पडल्यावरही त्याने प्रयोग करणं आणि लिहिणं सोडलं नाही. अशा माणसाच्या कामाला नाव देताना ‘व्यर्थ विरोध’ म्हणवत नाही आणि ‘खंडन’ म्हणता येत नाही. मराठीत या दोहोंच्या मधली जागा मला भरायची आहे.

१८ जून

रात्री जेवायला दीर आले होते. वकिली करतात. पानावर बसल्या बसल्या ‘अप्यून’चा विषय निघाला.

“वहिनी, हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नाही,” म्हणाले.

“आणि इम्प्यून?”

“तो रोजचाच की! इम्प्यून्ड ऑर्डर, इम्प्यून्ड जजमेंट. एकही याचिका त्याच्याशिवाय होत नाही. ज्या आदेशाला आपण आव्हान दिलंय तो. मराठीत लिहिताना आक्षेपित आदेश.”

“भाऊजी, त्या इम्प्यूनमध्ये मूठ आहे.”

वरणभाताचा घास हातात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आठवून म्हणाले, “रिपग्नन्सी पण त्यातलीच का हो? अनुच्छेद २५४?” त्यातलीच. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी टक्कर घेत असेल, तर तेवढ्या रिपग्नन्सीपुरता तो शून्य ठरतो. म्हणजे इंग्लंडातल्या वाचकाला ‘अप्यून’ पुस्तकात सुद्धा क्वचित भेटतो, पण त्याचं कुळ आपल्याकडच्या कोर्टांत रोज हजेरी लावतं.

जुळ्यांतला फरक कार्डावर हवा. ‘इम्प्यून’चा रोख बहुधा एखाद्याच्या सचोटीवर, हेतूवर किंवा आदेशाच्या वैधतेवर असतो, तिथे संशय उभा करायचा असतो. ‘अप्यून’चा रोख मतावर, सिद्धान्तावर. माणूस प्रामाणिक आहे हे मान्य करून त्याचं मत अप्यून करता येतं. वादस्पर्धेतल्या मुलांना हा फरक कळला तर किती कटुता वाचेल.

‘अपोझ’ आणि ‘ओपोनन्ट’ यांना मात्र या घरात घ्यायचं नाही. तोंडवळा सारखा असला तरी ते समोर ठेवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेत, त्यांच्यात मूठ नाही. पण ‘अप्यून’ची जागा इंग्रजीत बहुतेक ‘अपोझ’नेच बळकावली. मुकं अक्षर नाही, उच्चाराची धास्ती नाही, म्हणून लोकांनी तो जवळ केला असावा असं मला वाटतं.

२१ जून

आठवडाभर वर्तमानपत्रांत ‘खंडन’ शोधत होते. कात्रणं टेबलावर पसरली आहेत. आरोप झाला, नेत्याने ‘आरोपांचे खंडन केले’. आत वाचावं तर पुरावा नाही, युक्तिवाद नाही, ‘हे खोटं आहे’ एवढंच. याला मराठीत ‘इन्कार करणे’ हा चांगला शब्द आहे.

खंडन म्हणजे तुकडे करणे. ‘खंड’ त्यातलाच, आणि आपली ‘खांडोळी’ही. समोरच्याच्या म्हणण्याचे तुकडे पडले तरच ते खंडन. इंग्रजीत ‘रिफ्यूट’चंही हेच झालंय, नुसतं नाकारलं तरी रिफ्यूट केलं म्हणतात आणि भाषेची काळजी करणारे हळहळतात. मीही हळहळते. दोन भाषांत एकच धार एकाच जागी बोथट झाली. सूचीत ‘खंडन करणे’ यापुढे फक्त ‘रिफ्यूट’च्या कार्डावर राहील, बाकीच्या चारांवरून काढलं.

२६ जून

आज शेक्सपिअर. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या १६०९ मध्ये छापलेल्या नाटकात युलिसिस या ग्रीक सरदाराचं लांबलचक भाषण आहे. ग्रीकांना सात वर्षं झाली तरी ट्रॉय पडत नाही, कारण सैन्यात लहानमोठा क्रम कोणी पाळत नाही, असं तो सांगतो. क्रमाची तार सैल केली की काय होईल? प्रत्येक वस्तू दुसरीवर निव्वळ ‘अपग्नन्सी’ने जाऊन आदळेल. समुद्र किनाऱ्यापेक्षा वर चढेल, बळ दुबळ्यावर सत्ता गाजवेल, मुलगा बापाला ठार मारील.

इथे वाद नाही की मत नाही, नुसती धडक आहे. तेव्हा कानाला मूठ ऐकू येत होती. आणि हे बोलणारा माणूस एका न पडणाऱ्या तटासमोर तळ ठोकून बसलेला आहे.

२ जुलै

मराठी प्रतिशब्द. चार दिवस याच्यावरच आहे.

‘विरोध करणे’: सपाट. ‘अपोझ’ला द्यायचा.

‘प्रतिवाद करणे’: हा उत्तर देणाऱ्याचा शब्द. आधी कोणी आपल्यावर बोललं पाहिजे. अप्यून करणारा पहिलं पाऊल स्वतः टाकू शकतो.

‘खोडून काढणे’, ‘हाणून पाडणे’: दोन्हींत निकाल लागलेला. नको.

‘वितंडा’ आमच्या गटातल्या एका संस्कृतच्या जाणकार बाईंनी सुचवला. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, वाद, जल्प (जिंकण्यासाठी केलेली चर्चा) आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याच्या पक्षावर नुसता हल्ला करायचा, ती वितंडा. आपण वितंडवाद म्हणजे केवळ शिवी समजतो, पण कोवळ्या रोपाभोवती काट्यांच्या फांद्यांचं कुंपण घालावं तसा तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडेचा उपयोग आहे, असं सूत्रकार सांगतो. शेताला काटेरी कुंपण घातलेलं पाहिलंय त्याला ही उपमा लगेच पटेल. तरी हा शब्द घेता येत नाही. अप्यून करणाऱ्याचा स्वतःचा पक्ष असू शकतो, प्रिस्टलीचा होताच. आणि आजच्या वाचकाला वितंडा म्हटलं की शिवीच ऐकू येणार.

‘आक्षेप घेणे’वर सगळ्यात जास्त रेंगाळले. यातला ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे, ‘प्रक्षेपण’मधला. आक्षेप म्हणजे कशावर तरी फेकणे! बिब्राक्सच्या तटावर पडणारे दगड डोळ्यांसमोर आले. मुळाशी हा शब्द ओप्पुग्नातिओच्या पहिल्या टप्प्याला जाऊन भिडतो. पण आज आपण सोसायटीच्या सभेत हात वर करूनही आक्षेप घेतो. दगड हलके झाले. कोर्टात ‘आक्षेपित’ रुळलाय, तेव्हा तो ‘इम्प्यून’कडे जाऊ दे.

आपल्याकडे किल्ल्यांचे शब्द कमी नाहीत. वादात एकट्याने ‘किल्ला लढवला’ म्हणतो, ‘खिंड लढवली’ म्हणतो. ते तटाच्या आतल्याचे, राखणाऱ्याचे. बाहेरून येणाऱ्याचे म्हणजे ‘सुरुंग लावणे’, ‘मोर्चेबांधणी’ आणि जुना दणदणीत ‘सुलतानढवा’. सुलतानढवा मला मनापासून आवडतो. चहूबाजूंनी एकदम चढाई, थेट बेल्जींची रीत. पण कार्डावर घातला तर वाचक मूळ शब्द सोडून याच्याच मागे लागेल. तळटीपेत ठेवते.

४ जुलै

सापडला. क्रीडापानावर होता, इतके दिवस नजरेखालून जात होता. ‘कडवी झुंज देऊन पराभूत.’

झुंज देणारा हरलेला असू शकतो, किंबहुना बातमीत हरलेल्याबद्दलच ‘झुंज दिली’ लिहितात. जिंकलेला ‘मात करतो’. हा ओप्पुग्नारे आणि एक्सपुग्नारेमधलाच फरक, आणि तो रोज छापून येतो. शब्द संस्कृत ‘युध्’वरून प्राकृत ‘जुज्झ’ होऊन आपल्यापर्यंत आलेला, म्हणजे पुग्नारेसारखाच लढाईतला.

अडचण एकच. ‘मताशी झुंजणे’ म्हटलं तर माणूस मनातल्या मनात त्या मताशी झगडतोय असं वाटतं. ‘मताविरुद्ध झुंजणे’ म्हटलं की शंका राहत नाही. ‘ओब’ला ‘विरुद्ध’ मिळाला, ‘पुग्नारे’ला ‘झुंजणे’. उपसर्ग आणि धातू दोन्ही जागच्या जागी बसले.

७ जुलै

कार्ड पक्कं केलं. उतरवून ठेवते:

अप्यून (सकर्मक, दुर्मिळ). एखाद्या मताविरुद्ध, सिद्धान्ताविरुद्ध झुंजणे. त्यावर हल्ला चढवणे. हल्ला यशस्वी झाला असे सूचित होत नाही. तसे म्हणायचे तर ‘रिफ्यूट’ पाहा. रोख व्यक्तीच्या हेतूवर वा आदेशाच्या वैधतेवर असेल तर ‘इम्प्यून’ पाहा. लॅटिन ‘ओब’ (विरुद्ध) + ‘पुग्नारे’ (लढणे), ‘पुग्नुस’ (मूठ) याच्याशी संबंधित. उच्चारात ‘ग’ नाही. नाम ‘अपग्नन्सी’, त्यात आहे.

संध्याकाळी फोनवर भाचीला कार्ड वाचून दाखवलं आणि तेच वाक्य पुन्हा करायला सांगितलं. या वेळी ती अडखळली नाही: “प्रिस्टली अखेरपर्यंत त्या उपपत्तीविरुद्ध झुंजला, पण तिचं खंडन करू शकला नाही.”

थोडं थांबून म्हणाली, “आत्या, त्याचं ते पुस्तक मला वाचायला मिळेल का गं?”

उद्या ‘कॉन्ट्रोव्हर्ट’.